बुडीत, संशयित आणि एक वसुली

आमच्या कचेरीच्या मागच्या अंगाला एक गळका नळ आहे. उन्हाळ्यात जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हाही तो थेंब थेंब गळत असतो, आणि त्याच्या ओलीवर भिंतीच्या सांध्यात पंजाएवढे हिरवेगार शेवाळ तग धरून असते. बाहेर डोळे दिपवणारे ऊन आणि इथे ही मखमल! मागे एकदा साहेबांची भेट होती म्हणून शिपायाने ते खराट्याने खरवडून काढले. कुणाला काही वाटले नाही. मलाही वाटले नसते; पण माझ्या कात्रणांच्या फायलीत तेव्हा दोन कात्रणे एकाखाली एक लावलेली होती. एक उंदराचे, एक शेवाळाचे. उंदीर जगातून गेलेला, शेवाळ जाण्याच्या वाटेवर. आज या दोघांचा हिशेब वाचकांपुढे मांडायचा आहे.

घरी हा विषय काढला तेव्हा आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "उंदीर मरी ग्या ते बरं व्हयनं! तुला रे कसाची काळजी?" त्यांचेही खरेच आहे. ज्या घरात ज्वारीच्या कणगीला दरसाल भोक पडते, कपाशीच्या थप्पीत पिल्ले सापडतात, त्या घराने उंदरासाठी रडायचे काय म्हणून? वाघ, मोर, हत्ती यांच्यासाठी पोस्टाची तिकिटे निघतात. उंदराच्या नावाने निघते ती औषधाची पुडी. आणि शेवाळावरून तर आपण घसरून पडतो, एवढाच आपला त्याच्याशी संबंध!

मी बी.कॉम. झालेला कारकून. प्राणिशास्त्र माझा विषय नव्हे. पण हिशेबशास्त्रात आम्हाला एक धडा होता, बुडीत व संशयित कर्जाचा. जे येणे आता येणारच नाही असे ठरले, ते बुडीत म्हणून लिहून टाकायचे आणि खाते बंद करायचे. जे येईल की नाही याची शंका आहे, ते संशयित. त्याच्यासाठी वेळीच तरतूद करून ठेवायची. आणि क्वचित, फार क्वचित, बुडीत म्हणून लिहून टाकलेली रक्कम एखादे दिवशी दारात येऊन उभी राहते. तिलाही नाव आहे, बुडीत कर्जाची वसुली. या तिन्ही नोंदी मला या विषयात सापडल्या, आणि तिसरी तर आपल्या खानदेशातच सापडली.

उंदराचे खाते

ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्यामध्ये टोरेसची सामुद्रधुनी आहे. तिथे ब्रॅम्बल के नावाचे एक बेट आहे. बेट म्हणजे काय, प्रवाळाच्या वाळूचा एक ढीग. क्षेत्रफळ चार-पाच हेक्टर, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्या शेतकऱ्याच्या दहा-बारा एकरांच्या शेताएवढे. समुद्रापासून उंची जास्तीत जास्त तीन मीटर. समुद्रपक्षी आणि हिरवी कासवे तिथे अंडी घालायला येतात. या एवढ्याशा जागेवर, आणि जगात दुसरीकडे कुठेही नाही, असा एक उंदीर राहत होता. त्याचे नाव ब्रॅम्बल के मेलोमिस. तपकिरी रंग, लांब शेपटी, शेपटीवर खवल्यांची नक्षी. 1845 साली ब्रॅम्बल नावाच्या इंग्रजी जहाजावरच्या लोकांना तो प्रथम दिसला तेव्हा बेटावर एवढे उंदीर होते, की खलाशांनी करमणूक म्हणून धनुष्यबाणांनी त्यांची शिकार केली.

आता पुढच्या शिलका पाहा. 1978 साली अंदाज काही शेकड्यांचा होता. 1998 साली नव्वदच्या आसपास. 2004 साली पिंजऱ्यात आले अवघे बारा. 2009 साली एका मच्छीमाराने एक पाहिला, तो शेवटचा. 2014 साली संशोधकांनी बेट पिंजून काढले. 900 पिंजरा-रात्री आणि 60 कॅमेरा-रात्री खर्ची घातल्या. एकही उंदीर नाही. 2016 साली त्यांनी अहवाल दिला आणि फेब्रुवारी 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारने तो अधिकृतपणे नामशेष म्हणून नोंदवला. माणसाने घडवलेल्या हवामानबदलामुळे गेलेला पहिला सस्तन प्राणी म्हणून त्याचे नाव जगभर छापून आले. जिवंत असताना त्याचे नाव कधी एवढे छापून आले नसेल.

कारण काय? उंदीर वाळू खाऊन जगत नाही. वादळे आणि भरतीचे खारे पाणी बेटावर पुन्हा पुन्हा चढले आणि हिरवळ मेली. 2004 साली बेटावर 2.16 हेक्टर हिरवळ होती, म्हणजे सव्वापाच एकर. मार्च 2014 मध्ये उरली 0.065 हेक्टर. आपल्या मापात साडेसहा गुंठे! दहा वर्षांत सव्वापाच एकरांचे साडेसहा गुंठे झाले, तर माणसाचेही कुटुंब गाव सोडते. उंदराला सोडून जायला गाव नव्हते. चहूकडे समुद्र.

आणि आम्हा कारकुनांना लाज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. या उंदराला वाचवण्याची योजना 2008 सालीच तयार झालेली होती. कागद होता, शीर्षक होते, कलमे होती. योजनेच्या मुदतीत हवामानबदलाचा या उंदरावर फार मोठा परिणाम होणे संभवत नाही, असे मतही त्यात नोंदवलेले होते. योजना फायलीत राहिली आणि हिरवळ पाण्याखाली गेली. इकडे तिकडे बोट दाखवायला नको. अशा फायली मीही टाचणी लावून कपाटात ठेवलेल्या आहेत. "योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर" असे लिहिले की आपले काम संपते, पण ज्याच्या नावाने फाईल असते त्याचे काम सुरूदेखील झालेले नसते.

शेवाळाचे खाते

मराठीत आपण शेवाळ हा एकच शब्द दोन वेगळ्या वस्तूंना लावतो. हौदात, डबक्यात तरंगते ते एक. ओल्या भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर, झाडाच्या बुंध्यावर मखमलीसारखे बसते ते दुसरे, त्याला शास्त्रज्ञ मॉस म्हणतात. मी बोलतो आहे ते या दुसऱ्याविषयी. याला खरी मुळे नसतात, फूल नसते, बी नसते. पाणी ते मुळांवाटे खालून ओढत नाही. पानांनी, सगळ्या अंगाने पिते. म्हणून आपल्या धुळे-जळगावच्या भिंतींवर ते उन्हाळ्यात काळे, करपलेले दिसते आणि मृगाचे दोन शिंतोडे पडले की तासाभरात हिरवे होते. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा. कौलावरची काळी खपली बशीत ठेवून वर चमचाभर पाणी टाकायचे, बस्स. खर्च शून्य.

या कुळातले एक अतिप्राचीन नाव आहे ताकाकिया. हिमालयात सिक्कीमकडे हुकर यांनी एकोणिसाव्या शतकात ते गोळा केले. पण ते दुसऱ्याच जातकुळीत घातले गेले. पुढे जपानमध्ये ताकाकी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना त्याच वंशाची एक वनस्पती सापडली आणि त्यांचे नाव या वंशाला मिळाले. हे नक्की मॉसच का, यावर विद्वानांचा कित्येक वर्षे एकमताचा पत्ता नव्हता. बिचाऱ्याला जातीचा दाखला मिळायलाच शंभरावर वर्षे लागली! वयाचा दाखला मात्र जबरदस्त आहे. या वंशाचे वय शास्त्रज्ञ 39 कोटी वर्षे सांगतात. डायनोसोर आले आणि गेले, हिमालय समुद्रातून वर आला, तेव्हाही हे होते. जमीन वर चढत गेली, ते तिच्याबरोबर वर चढले. आज तिबेटच्या पठारावर चार हजार मीटरच्या वर ते राहते. वर्षातले आठ महिने बर्फाखाली, उरलेले चार महिने प्रखर अतिनील किरणांत.

चीन आणि जर्मनीच्या संशोधकांनी 2010 पासून दहा-अकरा वर्षे तिथे पुन्हा पुन्हा जाऊन मोजणी केली आणि 2023 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. या चिमुकल्या वनस्पतीत झपाट्याने बदललेली जनुके फार मोठ्या संख्येने आढळली, म्हणजे ती मुळीच आळशी नाही. परिस्थितीशी जमवून घेण्याची विद्या तिला येते. तरीही तिची संख्या दरवर्षी सरासरी 1.6 टक्क्यांनी घटते आहे.

1.6 टक्के! ऐकायला किती किरकोळ वाटते. बँकेने व्याजात एवढी कपात केली तरी आपण फार तर दोन दिवस कुरकुर करू. पण ज्यांनी घसाऱ्याची उदाहरणे सोडवली आहेत त्यांनी घटत्या शिल्लक पद्धतीने हे करून पाहावे. 100 चे दहा वर्षांत 85 होतात. सुमारे 43 वर्षांत निम्मे. 39 कोटी वर्षांच्या वहीत 43 वर्षे म्हणजे शाईचा ठिपकाही नाही. आज बालवाडीत जाणारे मूल निवृत्तीला येण्याआधी हा खेळ अर्ध्यावर आलेला असेल, आणि पुढचे अर्धे आणखी वेगाने जाणार नाही याची हमी कोण देतो?

उंदीर आणि शेवाळ यांच्यात मला दिसलेला फरक असा. उंदीर एकदम गेला, कारण त्याचे सारे भांडवल एकाच दुकानात होते. दुकान बुडाले, मालक बुडाला. शेवाळाच्या शाखा चार ठिकाणी आहेत. सिक्कीम, तिबेट, जपान, पॅसिफिकच्या पलीकडे अलास्काकडची बेटे. म्हणून ते हळूहळू जाते. आणि हळूहळू जाणाऱ्याची बातमी होत नाही. उंदराला निदान चार पाय होते, डोळे होते, मेल्यावर फोटो छापायला तोंड होते. शेवाळाला तोंड कुठले? युरोपात मात्र 2019 साली 1,800 हून अधिक जातींच्या शेवाळांची रीतसर यादी झाली, तेव्हा दर पाचांतली एकाहून अधिक जात धोक्यात निघाली. मोजले म्हणून कळले. न मोजलेल्यांत काय असेल, ते ज्याचे त्याने समजावे. मोजदादीत नसणे म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकांना मी सांगायला नको.

साम्य मात्र एक ठळक आहे. दोघांनीही काही गुन्हा केलेला नाही. एकाकडे वर चढायला टेकडी नव्हती. दुसरे चढत चढत जगाच्या छपरापर्यंत पोहोचले आणि आता त्याला चढायला आणखी वर काही उरले नाही.

आपल्याकडेही असा एकाच दुकानाचा मालक आहे बरे का! पुण्याजवळच्या सिंहगडावर सापडलेला आणि त्या गडाच्या जुन्या नावावरून कोंडाणा म्हणून ओळखला जाणारा उंदीर. 1975 साली त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, आणि आंतरराष्ट्रीय यादीत तो धोक्यातील प्राणी आहे. रविवारी सिंहगडावर पिठलं-भाकरी खाणाऱ्या गर्दीतल्या कितीजणांना हे माहीत असेल?

वसुली झाली ती शहाद्याला

आता तिसरी नोंद. आपल्या सातपुड्यात रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड आहे. गावातल्या पिंगळ्याचा हा जंगलातला भाऊबंद. गावपिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके भरपूर. रानपिंगळ्याचे डोके जवळपास सपाट तपकिरी, छाती गडद, चोच आणि पाय दणकट. आणि हा दिवसाउजेडी वाळक्या फांदीच्या शेंड्यावर खुशाल बसून असतो. खाणे म्हणजे सरडे, किडे आणि उंदीर.

1873 साली ह्यूम यांनी त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. होय, तेच ह्यूम, राष्ट्रीय काँग्रेसच्या स्थापनेतले. त्यानंतर पश्चिम खानदेशात नेमणुकीवर असलेले आय.सी.एस. अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी 1880 ते 1884 या काळात त्याचे काही नमुने जमवले. 1884 नंतर पक्षी गायब. जगातल्या साऱ्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात कातडी. सालिम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ली यांनी 1970 च्या दशकात शोध घेतला, हाती काही लागले नाही. लोक म्हणू लागले, गेला.

शोध चुकीच्या गावी का गेला, याचे कारण ऐकण्यासारखे आहे. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाचे एक बडे इंग्रज कर्नल होते. त्यांच्या संग्रहात रानपिंगळ्याचे एक कातडे होते आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते, 1914, मांडवी, गुजरात. आपल्याच तापीच्या काठचे मांडवी. 1884 नंतरची ती एकमेव नोंद, म्हणून सगळे तिच्या मागे लागले. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ते कातडे तपासले, त्याची क्ष-किरण छायाचित्रे काढली. कातडे निघाले डेव्हिडसन यांचे! आतला कापूस भरण्याची त्यांची पद्धत लपली नव्हती. कर्नलसाहेबांनी ब्रिटिश म्युझियममधला नमुना उचलून, पुन्हा शिवून, नवी चिठ्ठी लावून आपल्या नावावर जमा केला होता. आमच्या भाषेत याला बोगस व्हाउचर म्हणतात. शिपायाने चार रुपयांचे केले तर निलंबन होते. कर्नलने केले तर विज्ञान ऐंशी वर्षे फसते. 1999 साली हा घोटाळा रीतसर प्रसिद्ध झाला.

रासमुसेनबाईंनी ते मांडवीचे व्हाउचर बाजूला ठेवले आणि फक्त खऱ्या नोंदींच्या गावी जायचे ठरवले. बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे दोघे बरोबर होते. पूर्वेकडची ठिकाणे पाहून झाली, काही नाही. मग ते आले शहाद्याला. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याच्या उरल्यासुरल्या जंगलात, एका निष्पर्ण झाडावर तो बसलेला होता. 113 वर्षांनी! शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. नंदुरबार वेगळे झाले ते जुलै 1998 मध्ये. म्हणजे ही वसुली धुळे जिल्ह्याच्या खात्यावर जमा आहे.

पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी त्याचा अभ्यास केला. तोरणमाळ, मेळघाट, आपल्या जिल्ह्यातले यावलचे अभयारण्य, मध्य प्रदेशातले शेजारचे जंगल, 2014 साली ठाण्याकडचे तानसा, असा तो एकेक ठिकाणी आढळत गेला. 2018 साली त्याची नोंद "अतिधोक्यातील" या रकान्यातून "धोक्यातील" या रकान्यात आली. एक पायरी बरी. तरीही प्रौढ पक्ष्यांचा अंदाज हजाराच्या आतच आहे.

त्याला काय लागते? ढोलीचे जुने झाड. नव्या रोपवनात हजार सागरोपे लावली तरी एकात ढोली नसते. ढोली व्हायला झाडाचे म्हातारपण लागते. इथे मला एक सांगायचे आहे. जंगल कुणी खाल्ले, म्हटले की सगळ्यांची बोटे पाड्यावरच्या भिल-पावराकडे जातात. शेतीसाठी जंगल तुटले हे खोटे नाही. पण सागाचे सरळसोट जुने बुंधे पिढ्यान् पिढ्या कुणाच्या बांधकामात गेले आणि कुणाच्या मोहोरेने गेले, तो जमाखर्चही मांडा. शिवाय शेतात टाकलेले उंदराचे विष असते. विष खाऊन गुंगलेला उंदीर पिंगळ्याला आयता सापडतो. आत्याबाईंची पुडी तिथवर पोहोचते.

आणि तिसरा शत्रू अंधश्रद्धा. घुबडाचे अवयव, अंडी ढोल घडवताना आणि असल्याच कामांसाठी वापरण्याची समजूत काही भागांत आहे. गावोगाव तर पिंगळा घरावर बोलला की मरण येते, असे म्हणतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमचे गाव सातपुड्याच्या पायथ्याला. मी बारा वर्षांचा असताना, 1992 च्या सुमारास, वडील अंथरुणाला खिळले होते. रोज तिन्हीसांजेला गावाबाहेरच्या वाळक्या अंजनावर एक पिंगळा येऊन बसे. आई ओट्यावर बसून त्याच्याकडे बघत राही. शेजारच्या म्हातारीने सांगितले, हा नेल्याशिवाय जायचा नाही. एके दिवशी मी गलोल घेतली. दुसरा खडा लागला. तो खाली पडला, डोळे उघडे होते, पिवळे. मी त्याला पायाने नाल्यात ढकलले आणि घरी येऊन आईला सांगितले, आता बाबा बरे होतील. बाबा दोन महिन्यांनी गेले. क्षयाची औषधे मध्येच बंद पडली होती. त्या वेळी हे कुणी आम्हाला समजावून सांगितले नाही.

शहाद्याची बातमी आली तेव्हा मी वाणिज्य शाखेत शिकत होतो. पेपरात वर्णन वाचताना एकेक गोष्ट आठवू लागली. वाळकी फांदी, उजेड असतानाच येऊन बसणे. तो साधा पिंगळाच असावा, गावाजवळ तोच असतो. मी स्वतःला असे सांगत आलो आहे. पण त्याच्या डोक्यावर ठिपके होते की नव्हते, हे मी पाहिलेच नाही. आणि त्या वर्षी, 1992 साली, कागदोपत्री रानपिंगळा जगात नव्हताच. ज्याची नोंदच नाही, त्याला मारल्याची नोंद तरी कुठल्या वहीत होणार होती?

यंदा पावसाळा संपला की मुलीला घेऊन यावलच्या बाजूला जायचे आहे. दुर्बीण एका मित्राची मिळणार आहे. तोवर कचेरीच्या मागच्या भिंतीवर, त्याच सांध्यात, करंगळीच्या नखाएवढे हिरवे पुन्हा धरले आहे. शिपायाला मी अजून काही बोललेलो नाही. नळ मात्र दुरुस्त करू नका म्हणून सांगावे, तर लोक हसतील.